न्याती की म्होफू

अंगवा नदीकाठचा तळ,
१४ जुलै

प्रिय मुचनेता,

एका रानरेड्याची खरी किंमत माझ्या दरपत्रकात कधीच नसते, म्हणून आधी तीच सांगतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या त्या रेड्यापायी गेलं ते असं: चार दिवस, गाडीचे दोन टायर, डिझेलचं एक पिंप, मक्याच्या पिठाची अर्धी गोणी, तीन गोळ्या आणि तुझे बाबा. शिकारीला आलेला लिंडनर ऑस्ट्रियाला परत गेला आणि चौथ्या महिन्यात त्याचं पत्र आलं, शिंगं कधी पाठवता म्हणून. मी पाठवली. उकळून, घासून, पेटीत भुसा भरून नीट पाठवली. धंदा आहे, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय, घामानं शाई फुटलीय. तू एवढंच विचारलंयस, 'मामा, बाबा खरंच तुमचं न ऐकता पुढे गेले होते का?' का विचारतेस तेही मला ठाऊक आहे. वर्ष उलटलं. आता बिअर गाळायची, ढोल वाजवायचे आणि थडग्यावरून त्यांच्या आत्म्याला घरी आणायचं. आणि तुझे थोरले काका अडून बसलेत. 'जो स्वतःच्या देवकाच्या पाठी एकटा धावला त्याला कुठल्या तोंडानं घरात बोलवू? राहू दे रानातच.' हे ते बोलले तेव्हा मी तिथंच होतो, टोपी मांडीवर ठेवून. तुझी आई माझ्याकडे बघत होती. मी टोपीकडे बघत होतो.

माझं सगळं तुला माहीत आहे. या खोऱ्यात मी आलो तो दुसऱ्याच्या तळावर कातडी खारवायला. कोपरापर्यंत मीठ आणि कोपराच्या वर माश्या. तिथून शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेपर्यंत आणि तिथून गाडीच्या दारावर स्वतःचं नाव रंगवण्यापर्यंत जो आलो, तो या कानांवर आलो. गचपणात दडलेलं जनावर मी श्वासावरून सांगतो: बैल की गाय, बसलेला की उभा, घाबरलेला की चिडलेला. पाहुणे हे आपापल्या देशात जाऊन सांगतात आणि त्यांचे मित्र माझ्याकडे येतात. तुझे बाबा म्हणायचे, 'डोळे माझे, कान तुमचे. दोघांचा मिळून एक बरा माणूस होतो.' एकतीस वर्षं आम्ही मिळून एक माणूस होतो.

आणि त्या एकतीस वर्षांत मी त्यांना एकदाही नावानं हाक मारली नाही. बहिणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, देवकानं हाक मारायची, ही रीत तुझ्या आजीनं माझ्या डोक्यात ठोकून बसवली होती. त्यांचं देवक रानरेडा, म्हणून ते न्याती. माझं आणि तुझ्या आईचं देवक ते बैलाएवढं थोराड हरीण, म्हणून मी म्होफू. स्वयंपाकाच्या झोपडीमागे आमची थट्टा चालायची ती अशी: 'म्होफू, तुमचे आजोबा काल पाणवठ्यावर दिसले हो. एक शिंग मोडलंय, आता तरी लग्नं करायची थांबवा म्हणावं त्यांना.' मी म्हणायचो, 'न्याती, तुमच्या आजोबांची जीभ खारवून टांगलीय, चव बघता का?' ते थुंकायचे आणि हसायचे. रेड्याचं मांस त्यांनी जन्मात खाल्लं नाही. तळावर रेडा पडला की हे बाजूला बसून मक्याच्या पिठाचा साद्झा आणि सुकी मासळी खाणार, मेलेल्या जनावराला बोटही लावणार नाहीत. माग काढायला निघायच्या आधी चिमूटभर तपकीर जमिनीवर ठेवून पुटपुटायचे, 'आजोबा, पोटासाठी येतोय, राग धरू नका.' देवकाचा मान राखणं तुझ्या थोरल्या काकांनी त्यांच्याकडून शिकावं. पाहुण्यांसमोर मात्र हे काही नाही. तिथं मी त्यांना 'चीफ' म्हणायचो. पाहुण्यांना तसं आवडतं, आणि आपली घरची थट्टा त्यांच्या कानावर जाऊ नये ही शिस्त मीच घातलेली.

लिंडनर आला तो सात दिवसांसाठी. लाकडाच्या वखारीचा मालक, वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे, माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे एक छोटी वही होती आणि तिच्यात आपल्या भाषेतली जनावरांची नावं लिहून घ्यायचा त्याला नाद. नावं सांगायला तुझे बाबा. दुपारच्या चहाला दोघं वही मध्ये ठेवून बसायचे. बाबा शिंगांचा आकार हातानं करून दाखवायचे आणि तो लिहायचा: न्याती, रानरेडा. म्होफू, मोठं हरीण. मग शाळेतल्यासारखं मोठ्यानं म्हणून दाखवायचा, आणि बाबा मान हलवायचे, 'पास!'

माझ्या परवान्यात त्या महिन्यासाठी एक रेडा आणि एक म्होफू उरला होता. लिंडनरला दिवस आणि पैसा दोन्ही एकाच जनावरापुरते. पहिल्या दिवशी न्याहारीला त्यानं मला विचारलं, कोणतं घेऊ? मी नेहमीचं उत्तर दिलं, निवड पाहुण्याची. मी कुणाला काय मार हे सांगत नाही, असं मी सगळीकडे सांगत असतो. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, 'हरीण. त्याचा चेहरा शांत आहे. भिंतीवर रोज बघायचा तर शांत चेहरा बरा.' आता तुला सांगतो, मुचनेता, रेड्याची फी हरणाच्या दुप्पट आणि माझ्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून पडलेला. मी त्याच्या कपात कॉफी ओतली आणि गोड आवाजात म्हणालो, 'उत्तम. वय झालेले पाहुणे बहुतेक तेच घेतात. छातीला त्रास नाही.' एवढंच. त्याचे कान लाल झाले. कप खाली ठेवून म्हणाला, 'रेडा.' मी म्हणालो, 'निवड तुमची.'

तुझे बाबा मागेच उभे होते. त्यांना इंग्रजी बोलता यायचं नाही, पण समजायचं सगळं. ते मला गाडीच्या आड घेऊन गेले. 'म्होफू, तुमचा आजोबा सोडवलात आणि माझा पुढे केलात.' मला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो, 'मग काय, स्वतःच्या आजोबावर गोळी घालायला लावू?' ते हसले नाहीत. म्हणाले, 'यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला. काठच्या गचपणाची पानं अजून गळली नाहीत, पाच पावलांपलीकडे मला दिसत नाही. हरणं उघड्यावर आहेत. या माणसाला हरीण हवंय, त्याला हरीण द्या.' एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, 'डोळ्यांना दिसत नसेल तर माझे कान आहेत ना.' ते 'बरं' म्हणाले आणि गाडीच्या पुढे माग काढणाऱ्यासाठी बसवलेल्या बाकावर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी सकाळी सातला नदीच्या वळणावर तीन म्हातारे रेडे मिळाले. लिंडनरची गोळी पोटात बसली. रेडा वळून पळाला तशी मी मागून एक झाडली आणि तो गचपणात शिरला. मी म्हणालो, 'माझी हाडावर लागली, आवाज कोरडा आला. जिवंत आहे तो, आणि चिडलाय.' बाबांनी रक्तात बोट न घालता, काडी घालून पाहिली. फिकट लाल, फेसाळ. म्हणाले, 'हे फुप्फुसाचं रक्त आहे. जास्त वेळ काढायचा नाही तो. झाडाखाली बसू, दुपारी जाऊन बघू.' मी घड्याळ बघितलं. अर्धा तास थांबलो. लिंडनरला तिथंच बसवून आम्ही दोघांनीच जायला हवं होतं, नियमही तसाच आहे. पण तो म्हणाला, 'माझा रेडा आहे,' आणि त्या आठवड्यात मला त्याचं मन मोडायचं नव्हतं. त्याला सांगितलं, माझ्या मागे राहा, रेडा अंगावर आला तर विचार करू नकोस, गोळी झाड.

आत शिरल्यावर तुझे बाबा उजवीकडून रक्ताच्या मागावर, मी मधून, लिंडनर माझ्या पाठीशी. हातांच्या खुणा, बोलणं नाही. वीसेक पावलांवर मला श्वास ऐकू आला. जड, ओला, थांबून थांबून. मला खात्री होती की तो उभा आहे आणि बाबा त्याच्या तोंडाशी चाललेत. खूण करायला ते दिसेनात, नुसती पानं हलताना दिसत होती. मी ओरडलो. काय ओरडलो ते आता वाच. मी ओरडलो, 'न्याती! न्याती, थांबा!'

मला चीफ म्हणून ओरडता आलं असतं. जायरोस म्हणून ओरडता आलं असतं, एवढंसं नाव. पण जीव घाबरला की तोंडात घरचंच येतं, आणि माझ्या घरात त्यांना दुसरं नावच नव्हतं. लिंडनरला त्या हाकेतला पहिलाच शब्द येत होता. तो त्याला तुझ्या बाबांनी शिकवला होता आणि पासही केलं होतं. माझ्या खांद्याच्या बाजूनं त्यानं हलणाऱ्या पानांवर गोळी झाडली.

ते लगेच गेले. लोक धीर द्यायला असं म्हणतात, तसं नाही सांगत. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं. लिंडनर गुडघ्यांवर बसून 'न्याती, न्याती म्हणालात ना तुम्ही' एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याला मी काय उत्तर दिलं माहीत आहे? 'हो. तुझी चूक नाही. माझ्यावर सोड.' ठाण्यावर पोचायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात मी जबाब मनात रचून ठेवला: मागकाढ्यानं हुकूम न मानता एकट्यानं रेड्याचा पाठलाग केला, रेडा चालून आला, पाहुण्यानं वाचवायला गोळी झाडली. लिंडनरला सही करायला सांगितलं, त्यानं केली. माझा परवाना वाचला. तळ चालू राहिला, आणि वर्षभर तुझ्या आईच्या दारात मी महिन्याला पिठाची गोणी उतरवत राहिलो, फार दानशूर असल्यासारखा.

ते वाक्य ठाण्यातून गावात गेलं आणि गावात त्याचं दुसरंच झालं, हे मी बघत होतो. एकट्यानं रेड्याचा पाठलाग केला. न्यातीनं न्यातीचा. मग हावरा म्हणाले, मग देवकानंच शिक्षा केली म्हणाले, मग म्हणाले शिंगांसाठी गेला असेल. ज्यानं उभ्या जन्मात रेड्याच्या शेपटीचा केस उचलला नाही, त्याच्याबद्दल. मला हे सोयीचं होतं. देवकानं शिक्षा केली असं ठरलं की माणसांत चौकशी करायचं कारण उरत नाही.

रविवारी तुझे थोरले काका सगळ्यांना बसवून शेवटचं ठरवणार आहेत. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून ते टपालात न टाकता चिन्होयीला जाणाऱ्या बसच्या चालकाकडे देतोय. तू ते सगळ्यांसमोर उभी राहून मोठ्यानं वाच, म्होफू कुळाच्या माझ्या लोकांसमोरसुद्धा. मीही तिथं असेन आणि मान खाली घालणार नाही. काल ठाण्यात जाऊन पहिला जबाब खोटा होता असं लिहून दिलंय. परवाना जाईल, बाकी काय होईल ते होईल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: तुझ्या बाबांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचं मी ऐकलं नाही, दोनदा. आणि एक गोष्ट कालच्या जबाबात पहिल्यांदा लिहिली ती तुलाही लिहितो. त्यांना उचलून बाहेर आणताना आम्ही गचपणापलीकडच्या कोरड्या ओढ्यात उतरलो. तिथं रेडा पडला होता. रक्त सुकून काळं झालेलं, डोळ्यांवर माश्या. दुसऱ्या दिवशी सोलणाऱ्यानं मला फुप्फुसं उघडून दाखवली, माझी गोळी दोन्हींतून आरपार गेली होती. एवढं लागल्यावर रेडा पाच मिनिटं जगत नाही. आम्ही आत पाऊल टाकलं तेव्हा त्या गचपणात श्वास घेत होतो ते आम्ही तिघंच, जनावर नव्हतंच.

तुझाच,
एनियास मामा