सगळ्याईच्या तोंडी कौशल्या

जळगाव जामोद, १९६४

माय, तुह्या पायावर डोकं ठेवते.

मी खुशाल आहे. जेवणाची आबाळ नाही. तुह्ये गुडघे कसे आहेत?

दवाखान्यात नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. नर्सा काम कोणापासून शिकतात, याचा अभ्यास करून राह्यल्या. त्याईनं एकेकीले विचारलं, तं सगळ्याईनं एकच नाव घेतलं, कौशल्या! अवं, तिले कैची धरायले मी शिकवलं! गावातल्या बायका तं पोरीईचं नावही कौशल्या ठेवतात. माह्या नावाची एक पोरगी नाही.

मले विचारलं, तं मी म्हटलं, "माह्यी मीच शिकली."

वहिनीच्या पोटातलं बाळ पायाळू आहे, असं दादानं लिहिलं. ती घाबरली तं नाही ना? मले रजा मिळाली होती. पण मी डॉक्टरसाहेबाले म्हटलं, माह्या जागी कौशल्येले पाठवा. सोमवारच्या एसटीनं ती येईल. तिच्या हातचं पायाळू लेकरू अजून एकही दगावलं नाही. माह्या हातचं एक दगावलं.

तिले चहा गोड लागते. पोटभर जेवू घाल.

आन् पोरगी झाली, तं नाव कौशल्या ठेवू नको.

तुह्यी,
गोजर