वापरकर्त्याच्या रकान्यातील शून्याबाबत

प्रति,
मा. नियोजन अधिकारी,
प्रादेशिक नवोपक्रम कक्ष

विषय : तुलनात्मक पाहणीतून अर्जदाराच्या वर्कशॉपचे नाव न वगळण्याविषयी.
संदर्भ : गुण का घसरले, अशी विचारणा करणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार व्हीलचेअरचे ब्रेक बनवतो. आपला कक्ष दरवर्षी इथल्या वर्कशॉपांची शेजारच्या प्रदेशातील वर्कशॉपांशी तुलना करतो आणि त्यावरून पुढचे धोरण आखतो. पाच वेळा सुधारलेला अर्जदाराचा ब्रेक 'वापरकर्त्याचे ऐकून केलेली सुधारणा' या रकान्यात गेल्या वर्षापर्यंत पहिला होता. यंदा तिथे शून्य पडले आहे.

खुलासा असा की, वापरणारी एकच होती, अर्जदाराची पत्नी, आणि ती गेल्या हिवाळ्यात वारली. शेजारच्या प्रदेशातील कारखान्याकडे वापरणारे दोनशे आहेत. एकाला दोनशेंच्या रांगेत उभे करून धोरण ठरवले तर लहान वर्कशॉपांचे काही खरे नाही. लहानांची तुलना लहानांशी व्हावी, हे आपल्यासारख्या जाणत्यांस अर्जदाराने सांगायला नको.

रकाना रिकामा राहू नये म्हणून अर्जदाराने स्वतः पत्नीच्या खुर्चीत बसून प्रतिसाद भरून पाठवला. बनवणारा आणि वापरणारा एकच असू शकत नाही, असा शेरा मारून आपल्या कारकुनांनी तो परत केला. शेरा नियमाला धरूनच आहे. पण घरात आता दुसरे माणूस नाही, त्याला अर्जदाराचा इलाज नाही.

मात्र खुर्चीत बसल्यावर जे लक्षात आले ते कळवणे भाग आहे. पत्नी दिवसातून कितीदा तरी हाक मारायची, "अहो, ब्रेक निघत नाहीये, जरा येता का?" अर्जदार लेथ बंद करून, कपाळाला आठ्या घालून जायचा आणि ब्रेक काढायचा. मग ती म्हणायची, "आलाच आहात तर बसा घटकाभर." ब्रेकचे काहीतरी केलेच पाहिजे असे पुटपुटत अर्जदार परत लेथला लागायचा. पाचही सुधारणा अशा झाल्या. आता त्याने सगळे नमुने खुर्चीला लावून पाहिले. अगदी पहिलासुद्धा एका बोटाने निघतो. तिच्या हातात जोर नव्हता म्हणावे, तर बरण्यांची घट्ट झाकणे अर्जदार तिच्याकडूनच उघडून घेत असे. पहिला नमुना सोबत जोडला आहे, आपणही काढून पाहावा.

तेव्हा इतर प्रदेशांनी या वर्कशॉपची कोणती कार्यपद्धती उचलावी, या पाहणीतील नेहमीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. अडचण ब्रेकची नव्हती, एवढेच नक्की. लेथ बंद केला की घर फार मोठे वाटते, आणि हे कोणत्या रकान्यात लिहावे तेही कळत नाही.

नाव वगळायचेच असेल तर वगळावे. पाहणीचे पथक मात्र नेहमीप्रमाणे पाठवावे, ही विनंती. पथकातील कोणीही खुर्चीत बसावे आणि ब्रेक निघत नसल्याचे सांगून एकदा हाक मारावी. अर्जदार हातातले काम टाकून येईल, आणि बसेल.

आपल्या पथकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
ब्रेकवाला
दिनांक : ३ जुलै