कवीचं नवं कडवं

हॅरो, लंडन, मंगळवार

प्रिय चैत्राली,

व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू एक हसरा चेहरा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून पत्र. कार्डिफच्या हॉस्पिटलातल्या नाइट ड्यूट्या संपल्या का?

आमच्या हौशी मंडळींची संगीतिका शनिवारी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, विनोदी. मी कोरसमध्ये, ढोंगी कवीवर भाळलेल्या बायकांतली एक. कवी झालाय तुझा अंबरीश. तुझा म्हणजे, तूच ओळख करून दिलेला. मोरपीस हलवत असे सुस्कारे टाकतो की यातलं सोंग किती नि स्वभाव किती, कळत नाही. मला म्हणतो, "ईशिता, तू फार सीरियस आहेस यार, जरा हस!" विनोदाने ढोंग उघडं पाडावं, हे मला मनापासून पटतं. पण साध्या माणसांना का टोचावं?

इथली प्रथा अशी, की कवीच्या गाण्यातलं शेवटचं कडवं दर प्रयोगाला नवं, आसपासच्या गमतींवर रचायचं. काल अंबरीशने ते गाऊन दाखवलं. एक बसड्रायव्हर. मुलगी घरातली पहिली ग्रॅज्युएट. पदवी घेताना आईवडिलांनाही स्टेजवर बोलावतात अशी त्याची समजूत, म्हणून सूट घालून किचनमध्ये मायक्रोवेव्हसमोर वाकतो, "थँक्यू, सर" म्हणत हात पुढे करतो. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. कोरसला हसायचंच असतं.

बाबांची ती तालीम मी दाराआडून पाहिली होती. आईजवळही बोलले नाही. सांगितलं फक्त तुला, आणि सांगताना रडले होते.

हे कुठे मिळालं विचारलं, तर म्हणाला, "ऐकलं कुणाकडून तरी. कुणाचे बाबा देव जाणे, पण काय कॅरेक्टर आहे ना!" म्हणजे त्याला नाव ठाऊक नाही. किंवा ठाऊक असून नाटक करतोय. गेल्या रविवारी तो कार्डिफला आला होता, असं कोरसमधल्या मायराकडून कळलं. तू काही बोलली नाहीस.

शनिवारी बाबा येणार आहेत. डेपोतल्या मित्रांनाही घेऊन, "आमची पोरगी स्टेजवर आहे" म्हणत. अंबरीशला कडवं काढ म्हटलं, तर कारण सांगावं लागेल, आणि ते मला जमणार नाही. तुला जमेल. तूच त्याला सांगितलंस का, हे मी विचारत नाही. शनिवारी ते कडवं नसेल तर उत्तर मला कळेलच. तरीही तुझे आभार मानेन.

अजून तरी तुझीच,
ईशिता