मेपलच्या खिरीसाठी पंप

१८ जानेवारी, रविवार
आज इथल्या बौद्ध मंडळींच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये ऐतिहासिक घोषणा केली. यंदाच्या बुद्ध पौर्णिमेच्या खिरीत साखरेचा कण नाही, आमच्या घरामागच्या मेपलच्या झाडांचं सिरप! टाळ्यांचा कडकडाट. दादाराव काका आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. ते म्हणाले की अमेरिकेत, त्यातही मेपलच्या व्हरमाँटमध्ये राहून इतक्या वर्षांत कुणालाच हे कसं सुचलं नाही. तेव्हा आता हा शब्दाचा प्रश्न आहे.
अस्मिता टाळ्या वाजवत नव्हती. गाडीत तिने विचारलं की मागची झाडं मेपलची आहेत हे मला कुणी सांगितलं. पानांवरून ओळखली, म्हणालो. जानेवारीत पानं नसतात, असं तिचं म्हणणं पडलं. बायको फार्मासिस्ट असली की प्रत्येक गोष्टीचं लेबल वाचते.

२५ जानेवारी
झाडं मेपलचीच आहेत. शेजारच्या कॅरलने कन्फर्म केलं. ती दरवर्षी तिच्या झाडांना बादल्या टांगते. भोक पाडायचं, तोटी ठोकायची, बादली लटकवायची आणि थेंबांची वाट बघत बसायचं. माझ्यासाठीही बादल्या काढून ठेवू का, म्हणाली. मी नम्रपणे नकार दिला. मी चिप बनवायच्या कारखान्यात, म्हणजे फॅबमध्ये, व्हॅक्यूमचा सीनियर इंजिनियर आहे. मी बादली टांगली तर ऑफिसात तोंड कसं दाखवू?
प्लॅन सोपा. झाडांना नळ्या, नळ्यांच्या टोकाला व्हॅक्यूम पंप. रस ठिबकायची वाट बघायची नाही, ओढून घ्यायचा. प्रश्न फक्त पंप कुठला एवढाच. उद्या ठरवून टाकतो.

३१ जानेवारी
ठरला नाही. बाजारात परसातल्या झाडांसाठी म्हणून एक छोटा डायफ्रॅम पंप मिळतो. टिफिनच्या डब्याएवढा. लोक त्याला पाच स्टार देतात. लोकांचं काय, लोक कशालाही पाच स्टार देतात.
खरा पंप म्हणजे रोटरी व्हेन. तेलात फिरणारा, खोल व्हॅक्यूम देणारा. फॅबमध्ये पूर्वी याच जातीचे होते, त्यांच्याशी माझं जुनं नातं.

१ फेब्रुवारी
चँडलरला विवेकला फोन केला. कॉलेजचा मित्र, तोही फॅबमध्येच. म्हटलं, निष्पक्ष मत दे. तो म्हणाला की यार, डायफ्रॅम घे आणि झोप. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहून माणसाची महत्त्वाकांक्षाच वाळून जाते. रोटरी व्हेनवर शिक्कामोर्तब.

२ फेब्रुवारी
पण कुठल्या कंपनीचा?

९ फेब्रुवारी
दोन कंपन्या उरल्या. एकीची गॅरंटी चांगली, दुसरीचा आवाज कमी. अस्मिताला विचारलं तर म्हणाली की तिला दोन्ही नको आहेत. हे उत्तर मी ग्राह्य धरलं नाही.
ऑर्डर करणारच होतो, पण पुढच्या सोमवारी प्रेसिडेंट्स डे. सेल लागणार. आठवडाभरासाठी घाई करायला मी काय वेडा आहे?

१६ फेब्रुवारी
सेल लागला. शिलाई मशीनपासून बर्फ ढकलायच्या यंत्रापर्यंत सगळ्यावर. व्हॅक्यूम पंप सोडून.
तरीही ऑर्डर केला. निर्णय घेण्यात आनंद असतो.

२६ फेब्रुवारी
रात्री गोठतंय, दिवसा वितळतंय. झाडांत रस चढायला हेच हवामान लागतं म्हणे. कॅरलच्या बादल्या भरल्या. तिच्या अंगणातून टपटप ऐकू येतं. मुद्दाम खिडकी बंद केली.
पहिल्या रसाला फारशी चव नसते असं मला वाटतं. कुठे वाचलेलं नाही, पण वाटतं.

७ मार्च, सकाळी
पंप आला! दोघांना उचलावा लागला. शेडमध्ये ठेवला. आमच्या लेकीने, मैत्रीने, विचारलं की आपण झाडांचा रस काढणार आहोत की झाडंच काढणार आहोत. सातवीतल्या मुलीला विनोदबुद्धी आईकडून मिळते.

७ मार्च, दुपारी
नळ्या जोडल्या. गेजचा काटा बघून डोळे भरून आले. असा व्हॅक्यूम या गल्लीत कुणी पाहिला नसेल. रस नळ्यांतून पळत आला. अक्षरशः पळत! अस्मिता आणि मैत्री दोघींना हाक मारून बोलावलं.

७ मार्च, संध्याकाळी
सगळा रस पंपात गेला.
म्हणजे पळत आला आणि थेट पंपातच शिरला. पंपातलं तेल दुधाळ झालं, मागच्या तोंडातून पांढरा फेस आला आणि शेडमध्ये जळक्या तव्याचा वास सुटला. नळी आणि पंप यांच्यामध्ये एक भांडं लागतं. रस तिथे वेगळा होतो, पंपाकडे फक्त हवा जाते. मेपलच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मला कसं असणार? आमच्या फॅबमध्ये व्हॅक्यूमच्या लाइनीत पाण्याचा थेंब आला तर चौकशी बसते. माझ्या कारकिर्दीत थेंब आलेला नाही. चूक झाली ती माझ्या उच्च दर्जामुळे.
अस्मिताने विचारलं की तो छोटा डायफ्रॅम पंप रस प्यायला असता तर काय झालं असतं. काही झालं नसतं. त्याच्यातून रस गेलेला चालतो. मी तेलाची बाटली शोधायला गेलो.

१५ मार्च
तेल तीनदा बदललं. पंप पुन्हा फिरतो, थोडा खोकतो. मधलं भांडं ऑर्डर करायचंय. त्यातही दोन प्रकार आहेत, एक यांत्रिक आणि एक इलेक्ट्रिक. घाईत निर्णय घेतला की काय होतं ते आता कळलंय. या वेळी नीट अभ्यास करणार.

४ एप्रिल
इलेक्ट्रिक. आज आलं.

११ एप्रिल
सगळी यंत्रणा अखेर चालली. गळती नाही, फेस नाही, गेज स्थिर. फॅबला लाजवेल असं काम. मात्र झाडांना कळ्या फुटल्यात, आणि कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते. हे कॅरलने सांगितलं. तिने तोट्या केव्हाच उपटल्या. मी म्हणालो, चव सापेक्ष असते.

१२ एप्रिल
रस आटवला. चाळीस भांडी आटवली तर एक भांडं सिरप. दिवसभर किचनमध्ये वाफ, दोनदा स्मोक अलार्म. हाती लागलं वाटीभर. मैत्रीने चाखून ओल्या पुठ्ठ्याचं नाव घेतलं. मी चाखलं. पुठ्ठा म्हणणं जरा जास्त झालं.
पण खिरीत दूध असतं, वेलची असते. झाकलं जाईल. शब्द पाळला जाणार.

२ मे, शनिवार
पौर्णिमा काल होती, कार्यक्रम आज. लायब्ररीच्या हॉलमध्ये त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग खीर. दादाराव काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाले की नेमकी ही चव, त्यांच्या आईच्या हातची, पौर्णिमेची. अमेरिकेतल्या झाडात गावाकडची चव कशी काय आली? सगळे माझ्याकडे बघू लागले. मला व्हॅक्यूमवर बोलण्याची विनंती झाली. ऊर भरून आला. उभा राहिलो, घसा साफ केला.
खोल व्हॅक्यूममुळे रसाचा मूळ सुगंध टिकतो, अशी सुरुवात करणार होतो. तेवढ्यात समोर अस्मिता दिसली. खिरीचा डाव धरून उभी. माझं वाटीभर सिरप तिने सकाळीच सिंकमध्ये ओतलं होतं आणि खिरीत गूळ घातला होता. हे मला माहीत होतं. आणि अर्ध्या तासापूर्वी याच हॉलमध्ये, याच तोंडाने, मी खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं.
सांगून टाकलं, काका, हा गूळ आहे.
 मग सगळे पोट धरून हसले. काकांनी पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. मला वाटलं, आता तरी कुणी पंपाबद्दल विचारेल. तांत्रिक अपयशातूनही शिकण्यासारखं पुष्कळ असतं. मी तयार होतो.
काकांनी फक्त विचारलं की इतका चांगला गूळ इथे कुठल्या दुकानात मिळतो. मला माहीत नव्हतं. म्हणालो, अस्मिताला विचारा. सगळे तिकडे गेले.