तिसरी हाक

गुरुजी, तुमच्या स्वयंपाकघरात मी माझे पहिले यंत्र वाचून दाखवले त्याला वीस वर्षे होत आली. यंत्र अर्थात कागदावरचे. शिसवी पेटी, तारेवाचून बोलणारी; इकडे कुंभारवाडा गावात तोंड लावून बोलावे आणि तिकडे दूर सुपा गावात कान लावून ऐकावे. तुमच्याकडे व्याकरण आणि न्याय शिकलेला माणूस पुढच्या काळातली यंत्रे रचत बसला, हे तुम्हाला रुचेल की नाही या धास्तीने मी आधी पुराणातल्या विमानाचा दाखला देऊन ठेवला होता. तुम्ही हाताला तेल चोपडून फणस फोडत होता. "विमानाचा वशिला नको लावूस," म्हणालात, "पेटी वाच."

मी वाचले. शेजारचा शेतकरी मध घेऊन आला होता, तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. माझे संपताच तो म्हणतो, "पेटीतनं हाक आली, व्हय. पन ती मानसाचीच कशावरनं, धाकलं गुरुजी? रानात एका हाकंला कोन ओ देतंय?" आपल्या डोंगरात हे सगळ्यांना ठाऊक: रानातले काहीबाही एकदाच हाक मारते, माणूस तीनदा मारतो; तिसरी ऐकल्याखेरीज ओ द्यायची नाही. मी हसलो. त्यावर तुमचा आवाज चढला. "हसतोस काय? हा पूर्वपक्ष आहे, उत्तर दे. पेटी काय करील ते तू सांगितलेस. पेटीपुढे बसलेला माणूस काय करील, ते कुठे आहे?" चुलीपुढून काकी म्हणाल्या, "आधी गरे खाऊन घ्या, मग करा सिद्धांत." त्या दिवशी तेवढाच सिद्धांत झाला.

मी गोष्ट पुन्हा लिहिली. पेटी बोलते, आणि तिसऱ्या हाकेपर्यंत सबंध गाव तोंड मिटून बसतो. मासिकात छापून आली ती याच जागेमुळे. पुढे मी ऊन साठवणारा दिवा केला, घाटावरून उडणारी बैलगाडी केली (बैल खालीच राहतात, आणि त्यांना त्याचे वाईट वाटते). खोटा विनय तुम्हाला खपत नसे, म्हणून सांगतो: हे काम मला चांगले जमते. नवे यंत्र सुचले की मी आधी उंबऱ्याकडे बघतो. तिथला माणूस काय विचारील, त्याचे उत्तर मिळाले तरच लेखणी उचलतो. संपादक याला माझी प्रतिभा म्हणतात. मीही त्यांना दुरुस्त करत नाही.

मग तुमचे कार्ड आले. मी बेळगावात होतो. दोनच ओळी, अक्षर जरा हललेले: "एकदा येऊन जा. नवे यंत्र ऐकव." मी उलट टपाली लिहिले, "पहिली हाक पोचली. आणखी दोन आल्या की निघतो." थट्टा चांगली साधली म्हणून तो दिवसभर मी स्वतःवर खूश होतो.

दुसरे कार्ड आलेच नाही. पंधरवड्याने तो शेतकरी स्वतः दारात उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळले. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं कार्ड काकींनी वाचून दावलं. लई हसलं गुरुजी. म्हनालं, 'बरोबर हाय त्याचं, माझाच धडा मला घातला. पन तेवढ्या हाका आता माझ्याकडं न्हाईत.'"

मेलेल्यांशी बोलणारे यंत्र रचा, असा संपादकांचा आग्रह आहे. मी नाही म्हणून कळवले आहे. त्यातून आलेला आवाज तुमचाच कशावरून, हे उंबऱ्यावरून कोणीतरी विचारीलच. म्हणून हा कागद, आणि तोही टपालात पडणार नाही. तुम्ही दिलेल्या पोथीच्या फडक्यात राहील.

पण पूर्वपक्ष टाळला तर तुम्ही आवाज चढवाल, म्हणून उत्तर देतो. त्या कार्डावरचा आवाज माणसाचा आहे आणि तो कोणाचा आहे, हे मला पहिल्याच हाकेला कळले होते. वर्षभरात मला एकही नवे यंत्र सुचले नव्हते, गुरुजी. रिकाम्या हाताने तुमच्यापुढे येऊन बसायची मला लाज वाटली.