राजापूरच्या गाडीतली कोंबडी

अण्णा,

मी सिनेमासाठी तुमचा आवाज मागितला, तेव्हा ताटावरची मानही वर न करता तुम्ही म्हणालात, "माझा आवाज स्टँडचा. तुला कशाला गो हवा तो?" आळीत नुकताच पहिला टीव्ही आला होता आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा कार्टूनपट आखायला मुंबईहून सुट्टीत घरी आले होते. तुमच्या नकाराचं कारण मला ठाऊक होतं. रत्नागिरी स्टँडवर माइकवरून तुम्ही गाड्या पुकारायचात आणि टवाळ पोरं तुमची नक्कल करायची. मुंबईच्या लोकांनी आणखी हसायला नको, एवढंच तुमच्या मनात होतं. पण आमचा कारभार उलटा. आवाज आधी, चित्रं मागून, कारण त्या आवाजाच्या मापानेच कागदी माणसांच्या माना आणि हात हलवायचे. आवाज नाही तर कॉलेजातले सर आखणी मंजूर करणार नाहीत, आणि मंजुरी नाही तर कॅमेरा मिळणार नाही. मी अगदी रडकुंडीला आले होते.

शेवटी गोष्टीतला एकेक प्रसंग चितारलेली कार्डं मी स्वयंपाकघरातच मांडली. टोपलीतून सुटलेली कोंबडी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसते आणि गाडी सुटत नाही. आधी माझी गाडी समुद्रावरून उडायची. कॅमेरा मिळणार मोजके दिवस, म्हणून तिला जमिनीवर आणली होती. तुम्ही हात धुऊन, चष्मा लावून उकिडवे बसता. एकेक कार्ड बघता. आणि कपाळाला आठ्या घालता.

"गाडी थांबल्ये कशासाठी, ते लोकांना कळलं कुठे? कारण सांगितल्याशिवाय मी गाडी थांबवत नाय."

"कोंबडी दिसत्ये ना!" मी वैतागून म्हणते.

"तुला दिसत्ये. मागच्या बाकड्यावरच्याला दिसत्ये काय? ते मला माइकवर सांगायला हवं."

'मला' म्हणालात तुम्ही! आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. तुम्ही उठलात आणि खाकी शर्ट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावलीत. "बनियनवर बोलायचं नाय." आईने भरभरणारा स्टोव्ह बंद केला. शेजाऱ्यांनी कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर मी तांदळाच्या डब्यावर ठेवला. तुम्ही घसा खाकरलात आणि म्हणालात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. राजापूरला जाणारी गाडी, चालकाच्या जागेवर कोंबडी बसल्यामुळे, उशिरा सुटेल." आई पदर तोंडात कोंबून हसत होती. तुमचा चेहरा मात्र ड्युटीवरचा.

सरांना आवाज फार आवडला. "फक्त ते खाकरणं कापून टाक," म्हणाले. मी नाही म्हटलं. सरांना नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांना सांगितलं, आमच्या स्टँडवर अण्णा खाकरले की लोक बोचकी उचलतात, शब्द नंतर येतात. सिनेमाही तिथूनच सुरू होईल. खाकरणं ऐकू येईल आणि फलाटावरच्या सगळ्या माना वर होतील, कोंबडीचीसुद्धा. सरांनी पहिलं कार्ड पुन्हा उचलून बघितलं आणि सही केली. पुढे पुष्कळ कामं केली, नावही झालं, पण त्या नकाराचा मला आजही सगळ्यात जास्त अभिमान आहे.

कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा तुम्ही इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होतात. लोक कोंबडीला पोट धरून हसले. तुमच्या आवाजाला कुणी हसलं नाही. दिवे लागल्यावर कुणीतरी विचारलं, आवाज कुणाचा? मी बोट दाखवायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "माझा," म्हणालात, मागच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं. मला काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नाही. फार भरून आलं होतं, अण्णा.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकणार तरी कुठे? राहील खणात. आता मी हेच काम शिकवते. वर्गात पहिलं वाक्य बोलायच्या आधी घसा खाकरते आणि समोरच्या माना वर होतात. मुलांना वाटतं, मॅडमना धुळीचा त्रास आहे. मी तसंच वाटू देते.