बुरशीला गूळपाणी

पुणे

चि. योगराज,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही. केळीच्या खोडाच्या चुऱ्यावर वाढवलेली बुरशी मी विश्वासाने घरी ठेवली होती. आपल्या उकाड्यात ती किती एन्झाइम बनवते, हेच मला पाहायचं होतं. तू पिकाला जीवामृत देतोस तसं तिला गूळपाणी पाजलंस, आणि वर फोटो पाठवतोस, "अक्का, बघ कशी फुगली!"

फुगली, पण बिघडली. उपाशी असली तरच ती खोड पचवणारं एन्झाइम बनवते. आयता गूळ मिळाल्यावर कशाला राबेल?

आईचा गुडघा कसा आहे? तरीही ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी तीच तुझ्या ताटात वाढते ना? उद्यापासून तू थाप, आणि फोटो त्याचा पाठव.

नमस्कार फक्त आईला.

तुझी अक्का,
कामिनी